रेषा, छटा आणि श्रमविभाग : अ‍ॅनिमे-शैलीच्या संगणकीय चित्रणाची पूर्वपीठिका

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या पडद्यावर काढलेले अ‍ॅनिमे-शैलीचे चित्र बारकाईने पाहिले असता दोन गोष्टी विशेष नजरेत भरतात. पहिली ही, की त्यातील रेषा सर्वत्र सारख्या जाडीची नसते. आकृतीच्या बाह्य कडेला ती ठळक असते, वस्त्राच्या घड्यांवर व नाकाच्या शेंड्याशी केसासारखी बारीक होते, दोन रेषा मिळतात त्या कोनात पुन्हा दाट होते, आणि प्रकाशाच्या बाजूस कधीकधी नाहीशीही होते. दुसरी ही, की रंगछटा मोजक्या पण अत्यंत निवडक असतात. गालावर मूळ रंग, त्यावर स्पष्ट कडेची एक सावली, क्वचित तिच्याहून गडद अशी दुसरी, आणि एखादा चकाकीचा ठिपका, एवढ्यावर काम भागते. त्वचेची सावली काळसर नसून तांबूस वा जांभळट असते. त्वचेलगतची रेषाही पुष्कळदा काळी नसून तपकिरी असते.

ही वैशिष्ट्ये कोठून आली, या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे देण्यात येतात. पहिल्या उत्तरानुसार ही शैली एदो काळातील काष्ठमुद्रांची, म्हणजे उकियो-ए चित्रांची, थेट वारस आहे. दुसऱ्या उत्तरानुसार ती संगणकाच्या आज्ञावलीची देणगी आहे. पहिले उत्तर केवळ साम्यावरून वंश ठरवते. या पद्धतीतील धोका भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. दोन भाषांतील साम्य वंशपरंपरेने आलेले असेल, उसनवारीने आलेले असेल, किंवा समान परिस्थितीत स्वतंत्रपणे घडलेले असेल. या तिन्ही शक्यतांची छाननी केल्यावाचून निर्णय देता येत नाही. दुसरे उत्तर तर कालक्रमापाशीच अडखळते, कारण वर सांगितलेली बहुतेक वैशिष्ट्ये संगणकपूर्व चित्रपटांत स्पष्ट दिसतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या शैलीतील रेषेच्या जाडीचे व छटांच्या सूक्ष्मतेचे नियम मुख्यतः श्रमविभागातून उत्पन्न झाले. रेषा एकाने काढावी, दुसऱ्याने ती पक्की करावी, रंग तिसऱ्याने भरावा आणि मृदू छटा शेवटच्या हाताने द्यावी, अशी व्यवस्था जपानमध्ये निरनिराळ्या काळी दोनदा सिद्ध झाली. आज ही सर्व कामे एकाच हातात आली आहेत. परंतु त्या व्यवस्थेने घालून दिलेले भेद टिकून राहिले असून त्यांना नवा अर्थ प्राप्त झाला आहे.

परिभाषेच्या सोयीसाठी विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राचा आधार घेता येईल. त्यात रेखा आणि वर्तना, म्हणजे छटा देऊन उठाव आणणे, या दोन गुणांचा वेगवेगळा विचार केला असून आचार्य रेखेची आणि विचक्षण लोक वर्तनेची प्रशंसा करतात, अशा आशयाचे वचन आहे. वर्तनेचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकारही तेथे सांगितले आहेत. जपानी शैलीशी या ग्रंथाचा संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. रेखा व वर्तना हे चित्राचे दोन स्वतंत्र घटक आहेत, एवढेच त्यावरून ध्यानात घ्यावयाचे आहे.

२. लाकडी ठसा

१७६५ साली सुझुकी हारुनोबू याच्या काळात बहुरंगी काष्ठमुद्रा, म्हणजे निशिकि-ए, प्रचारात आल्या. या मुद्रेमागे चार पक्ष असत: प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाचित्र काढून देई. तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला जाई आणि कोरणारा रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून रेषेचा उंच कणा शिल्लक ठेवी. या क्रियेत मूळ रेखाचित्र नष्ट होत असे. म्हणजे आज संग्रहालयात आपण जी उतामारोची रेषा पाहतो, ती उतामारोच्या कुंचल्याने कागदावर उमटलेली नाही. कुंचल्याची जाडी-बारीकी कोरणाऱ्याने सुरीने पुन्हा घडवली आहे. कपाळाशी सुरू होणाऱ्या केसांच्या रेषा तर चित्रकार केवळ सुचवीत असे. त्या वेगळ्या करण्याचे काम कुशलातील कुशल कोरणाऱ्याकडे असे. चेहरा व केस ज्येष्ठाने कोरावेत, वस्त्रे कनिष्ठाने, अशी कारखान्यातील वाटणी होती.

मुख्य रेषांच्या ठशावरून काही प्रती काढून चित्रकार त्यांवर रंगांच्या जागा दाखवी, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरली जाई. फळीच्या कडेला कोरलेल्या केंतो नावाच्या खाचांत कागद बसवला, की रंग रेषेच्या आत नेमका पडे. अशा रीतीने रेषा ही रंगाची सीमा ठरली. रंग सपाट राहिला, कारण फळीचा पृष्ठभाग सपाट होता.

मग हिरोशिगेच्या आकाशात गडद निळा क्षितिजाकडे विरत जातो, तो कसा? ही किमया फळीत कोठेच नाही. छापणारा ओल्या फळीवर रंग ठेवून तो कुंचल्याने वा कापडाने हलकेच पसरवी. या क्रियेस बोकाशि म्हणत. प्रत्येक प्रतीसाठी ती नव्याने करावी लागे. म्हणून ‘एदोतील शंभर प्रसिद्ध दृश्ये’ (१८५६-५८) या मालिकेतील एकाच चित्राच्या दोन प्रतींत रेषा तंतोतंत जुळतात, आकाशाची छटा मात्र जुळत नाही. रेषा स्थिर आणि छटा अस्थिर, हा भेद चित्रकाराच्या रुचीतून निघालेला नाही. रेषा लाकडात होती व छटा छापणाऱ्याच्या मनगटात होती, त्याचा हा परिणाम होय.

या व्यवस्थेतही प्रयोगाला वाव होता. उतामारोने अठराव्या शतकाच्या अखेरीस काही मुद्रांत त्वचेची बाह्यरेषा काळ्याऐवजी तांबूस छापवून घेतली. त्यामुळे चेहरा मऊ भासतो; परंतु त्याचे मोल म्हणजे आणखी एक फळी व आणखी एक छाप. रंगीत रेषा ही तेव्हापासून खर्चाची बाब आहे.

३. रेषात्यागाचा प्रसंग

जपानी कला म्हणजे रेषेची कला, हे विधान एका प्रसंगाने सदोष ठरते. १८९८ साली ओकाकुरा काकुझो यांनी निहोन बिजुत्सुइन ही संस्था स्थापन केली. तेथील योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो यांनी बाह्यरेषा सोडून देऊन केवळ ओल्या छटांनी धुके, प्रकाश व अंतर दाखवण्याचा यत्न केला. टीकाकारांनी त्यास मोरो-ताइ, म्हणजे धूसर शैली, असे उपहासाचे नाव दिले. १९०३ साली हे दोघे कलकत्त्यास आले. तेथे ताइकान यांचे काम पाहून अवनींद्रनाथ ठाकूर यांनी आपले ओल्या छटांचे तंत्र विकसित केले, ही गोष्ट भारतीय कलेच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे.

याच संस्थेच्या परंपरेतील आराई कांपो हे १९१६ साली भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पुढे १९४० पासून होर्यू-जी मंदिरातील भित्तिचित्रांच्या नकलांचे काम सुरू झाले, त्यातही त्यांचा प्रमुख सहभाग होता. होर्यू-जीची रेषा आरंभापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आहे. जपानी अभ्यासक तिला लोखंडी तारेची उपमा देतात. ही चित्रे १९४९ च्या आगीत होरपळली. सारांश, जपानी परंपरेत तारेसारखी एकसारखी रेषा आहे, कुंचल्याची चढउतार करणारी रेषा आहे, आणि रेषेचा संपूर्ण त्यागही आहे. या तिन्हींपैकी अ‍ॅनिमेने कोणता वारसा उचलला, असे विचारण्यापेक्षा कामाच्या कोणत्या परिस्थितीने कोणती रेषा मागितली, असे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

४. पारदर्शक पत्रा

ती परिस्थिती विसाव्या शतकाच्या मध्यास निर्माण झाली. तोएई दोगा ही संस्था १९५६ साली स्थापन झाली आणि १९५८ साली तिचा ‘हाकुजादेन’ हा पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट प्रदर्शित झाला. यातील प्रत्येक चित्र सेल नावाच्या पारदर्शक पत्र्यावर तयार होई. मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढी. साहाय्यक मधली चित्रे भरून सर्व रेषा स्वच्छ करी. रेषा उतरवून घेणारी व्यक्ती त्या टाकाने सेलवर घेई. रंग भरणारी व्यक्ती सेलच्या मागील बाजूस रंग देई. शेवटच्या दोन विभागांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. स्टुडिओ घिब्लीच्या रंगयोजनाकार म्हणून पुढे ख्याती पावलेल्या यासुदा मिचियो (१९३९-२०१६) यांनी १९५८ साली तोएईच्या याच कामातून आरंभ केला.

काष्ठमुद्रेशी येथे साम्य आहे ते कामाच्या रचनेचे. येथेही मूळ हाताची रेषा अंतिम चित्रात पोचत नाही. ती दुसऱ्याच्या हातून पुन्हा जन्म घेते. येथेही रेषा रंगाचे कुंपण बनते. मात्र एक भेद निर्णायक आहे. काष्ठमुद्रा एकटी असते. सेलला शेजारी असतात. सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, आणि एक चित्र तीन चौकटी टिकवले तरी सेकंदाला आठ चित्रे लागतात. आठ चित्रांत रेषेची जाडी आठ वेगवेगळ्या हातांनी बदलली, तर पडद्यावर आकृती थरथरते. तेजुका ओसामू यांच्या ‘तेत्सुवान आतोमू’ (१९६३) या मालिकेपासून दर आठवड्याला भाग पुरवण्याची निकड आली आणि साधी, बंदिस्त, सम जाडीची रेषा ही गरज बनली.

छटेचे गणित आणखी कठीण. एखाद्या पात्राच्या अंगावर सहा रंग असले व प्रत्येकास एकच सावली दिली, तर बारा रंग तयार ठेवावे लागतात. दुसरी सावली दिली तर अठरा. प्रत्येक सावलीची कड मूळ चित्रात रंगीत पेन्सिलीने आखावी लागे, ती सेलवर रंगीत शाईने हाताने उतरवावी लागे, आणि प्रत्येक रंग वाळण्याची वाट पाहावी लागे. म्हणून सावली एकच, कड स्पष्ट, आणि तिच्या जागेचा निर्णय अगोदरच झालेला. गालाचा मऊ गुलाबी फुगवटा किंवा धातूची चकाकी हवी असल्यास काम पूर्ण झाल्यावर सेल विशेष परिणामांच्या कारागिराकडे जाई आणि तो रंगाचा बारीक फवारा मारी. मृदू छटा पुन्हा एकदा शेवटच्या हाताकडे राहिली.

१९६० नंतरच्या दशकात उष्णतेने कार्बन वितळवून पेन्सिलीची रेषा सेलवर उमटवणारे यंत्र आले. डिस्नेने ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ (१९६१) या चित्रपटात छायाप्रतीच्या तंत्राने हेच साधले होते. यामुळे रेषा उतरवणाऱ्या हाताचे मध्यस्थपण कमी झाले आणि चित्रकाराची खरखरीत, जाड-बारीक रेषा प्रथमच पडद्यावर थेट दिसू लागली. ‘टायगर मास्क’ (१९६९) या मालिकेतील मारामारीचा आवेश बराचसा या खरखरीतपणावर उभा आहे. परंतु यंत्राची रेषा काळी होती. रंगीत रेषा हवी तेथे हाताचे काम पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

ताकाहाता इसाओ यांच्या ‘होतारु नो हाका’ (१९८८) या युद्धकालीन कथेत पात्रांची बहुतेक बाह्यरेषा काळ्याऐवजी तपकिरी ठेवण्यात आली. यासुदा यांच्या सांगण्यानुसार चित्रपटास मृदुता यावी हा त्यामागील हेतू होता; आणि तपकिरी रेषा रंगापासून काळ्याइतकी स्पष्ट उठत नसल्याने ती वापरणे अधिक अवघड गेले. या निवेदनातून एक महत्त्वाचा नियम हाती लागतो. रेषेचा जोर कमी केला, की आकृती वेगळी दाखवण्याची जबाबदारी छटेवर येऊन पडते. म्हणून फिकट रेषेसोबत रंगांची निवड अधिक काटेकोर करावी लागते. याच्या उलट दिशेचा पुरावा होसोदा मामोरू यांच्या ‘तोकि ओ काकेरु शोजो’ (२००६) या चित्रपटात मिळतो. तेथे पात्रांवर सावलीच जवळजवळ नाही, आणि सारा भार रेषेवर व बाह्याकृतीवर आहे. रेखा व वर्तना या तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे वागतात.

५. संगणकावरील स्थित्यंतर

१९९३ साली सेल्सिस या जपानी कंपनीने रेतास नावाची आज्ञावली बाजारात आणली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात सेल झपाट्याने मागे पडला. शेवटपर्यंत सेलवर राहिलेली दूरचित्रवाणी मालिका ‘साझाए-सान’ हिनेही २०१३ साली तो सोडला.

येथे एक विरोधाभास आढळतो. संगणक आल्यावर अ‍ॅनिमेची रेषा प्रथम समृद्ध झाली नाही. ती गरीब झाली. कागदावरची पेन्सिल-रेषा यंत्राने टिपल्यावर तिचे रूपांतर द्विमान चित्रात केले जाई: प्रत्येक बिंदू एक तर रेषा, नाही तर कोरी जागा. एका टिचकीसरशी बंदिस्त जागा रंगाने भरायची असेल, तर कुंपणाला भगदाड असून चालत नाही, आणि पेन्सिलीच्या करड्या पोतात अशी भगदाडे असंख्य. सबब पोत गेला. सावलीची कड आखणारी लाल वा निळी रेषा आज्ञावली रंगावरून ओळखी आणि भरणीच्या वेळी शेजारच्या रंगात विलीन करी. सेलवर जी कड हाताने आखावी लागे, ती आता आपोआप अदृश्य होऊ लागली.

एकट्या चित्रकाराचे चित्र मात्र वेगळ्या मार्गाने गेले. त्याला सेकंदाला आठ चित्रे काढायची नव्हती. त्याच्या हाताशी मांगाचा टाक होता, विशेषतः जी-पेन हे लवचिक टोक, ज्याच्या दोन फाकी दाबाने उघडतात. आपल्याकडील बोरूशी तुलना केली असता फरक कळतो. बोरूच्या तिरप्या कापलेल्या टोकामुळे अक्षराची जाडी हाताच्या दिशेवर ठरते. जी-पेनची जाडी दाबावर ठरते. दाब मोजणारी लेखणी ही या दुसऱ्या जातीची आहे. वाकोम कंपनीच्या इंत्युओस फलकावर १९९८ साली दाबाच्या १०२४ पायऱ्या होत्या, २००९ साली २०४८, आणि २०१७ साली ८१९२. परंतु हाताचा सूक्ष्म कंपही आता टिपला जाऊ लागल्याने आज्ञावलीत कंपदुरुस्तीची सोय करावी लागली. यंत्र प्रथम सर्व काही टिपते आणि मग त्यातील काही पुसते. किती पुसावे, हे चित्रकाराने ठरवायचे.

छटांच्या बाबतीतही एक निराळा प्रवाह येऊन मिळाला. एनईसीच्या पीसी-९८०१ जातीच्या संगणकांवरील खेळांत ४०९६ रंगांतून एका वेळी १६ रंग वापरता येत. दोन रंगांचे ठिपके जाळीसारखे गुंफून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करणे, हाच तेथे मृदू सावलीचा उपाय होता. चित्रसूत्रातील बिंदुज हा शब्द या कृतीस विनासायास लागू पडतो, आणि समान अडचणीतून समान उपाय निघतो याचे हे बोलके उदाहरण आहे. १६ रंगांची मर्यादा गेल्यावर याच खेळांच्या चित्रकारांनी चमकदार, अनेकस्तरीय छटांची पद्धत रूढ केली. पेंट टूल साइ (२००८) व सेल्सिसचे क्लिप स्टुडिओ पेंट (२०१२) या आज्ञावल्यांतून सेलची स्पष्ट सावली, मांगाची दाबाची रेषा आणि खेळांची मृदू छटा एकाच फलकावर एकत्र आल्या.

चित्रपटानेही उलट वळण घेतले. ताकाहाता यांच्या ‘कागुया-हिमे नो मोनोगातारि’ (२०१३) यात संगणकाच्या साहाय्याने कोळशासारखी तुटक, जाड-बारीक रेषा हलत्या चित्रात उतरवली आहे. सेलयुगात जी थरथर दोष मानली जाई, ती येथे अर्थवाहक झाली.

६. शब्दांची साक्ष

आता शब्दांकडे वळू. आज पडद्यावर चित्र काढणारा जपानी चित्रकार काळी रेषा लगतच्या रंगानुसार बदलतो, तेव्हा त्या क्रियेस इरो-तोरे म्हणतो. इरो म्हणजे रंग. तोरे हा इंग्रजी ‘ट्रेस’चा संक्षेप, म्हणजे सेलवर उतरवून घेणे. आज काहीही कशावरही उतरवले जात नाही. सपाट सावलीच्या पद्धतीस तो अनिमे-नुरि, म्हणजे अ‍ॅनिमेची रंगभरणी, म्हणतो. कडा विरघळवणाऱ्या साधनाचे नाव बोकाशि आहे, जे ओल्या फळीवरील क्रियेचे होते. वरच्या थराने खालचा थर गडद करण्याच्या रीतीस गुणाकार म्हणतात. एका पारदर्शक रंगावर दुसरा छापला असता प्रकाश दोनदा गाळला जातो, ही छापणाऱ्याची जुनी जाण तेथे अंकगणिताच्या रूपाने आली आहे.

या शब्दांवरून सलग वंशपरंपरा सिद्ध होते काय? तसे मानणे घाईचे होईल. बोकाशि हा सामान्य जपानी शब्द असून तो छायाचित्रणातही चालतो. इरो-तोरे हा मात्र सेलच्या कारखान्यातच घडलेला असल्याने त्याची साक्ष भक्कम आहे. म्हणजे सेलपासूनचा वारसा शब्दांवरूनही सिद्ध होतो, आणि काष्ठमुद्रेशी असलेले नाते प्रामुख्याने समान परिस्थितीचे ठरते.

याहून महत्त्वाचा मुद्दा दुसरा आहे. मराठीत ‘चार’ या संख्यावाचकातील च तालव्य आहे आणि ‘गुरे चार’ या आज्ञार्थातील च दंततालव्य आहे. जुन्या मराठीत संख्यावाचक ‘च्यारि’ असे आढळते. त्यातील यकाराच्या सान्निध्याने च तालव्य राहिला. पुढे यकार लोपला, त्याने घडवलेला उच्चार उरला, आणि आता त्या भेदानेच दोन शब्द वेगळे ओळखू येतात. भेदाचे कारण गेले आणि भेद स्वतः अर्थवाहक झाला. अ‍ॅनिमे-शैलीत नेमके हेच घडले आहे. एकच सावली ही वाळणाऱ्या रंगाची अट होती. आज ती स्वच्छ उन्हाचा वा निरागसतेचा भाव सुचवते. तपकिरी रेषा जादा श्रमाची होती. आज ती ऊब सुचवते. अट संपल्यामुळेच निवड शक्य झाली, आणि निवड शक्य झाल्यामुळे तिला अर्थ आला.

७. समारोप

या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष केवळ शैलीपुरता नाही. काष्ठमुद्रेवर चित्रकाराची सही ठळक असे. कोरणाऱ्याचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील काही मुद्रांवरच आढळते. सेलच्या चित्रपटांत रंगभरणी करणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत येत, परंतु रसिकांच्या चर्चेत क्वचितच. ज्या निर्णयांना आपण शैली म्हणतो, ते पुष्कळसे या लोकांच्या हातून झालेले आहेत.

हा प्रश्न आज पुन्हा उभा राहिला आहे. सावली आपोआप टाकणारी साधने आज्ञावल्यांत आली आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर सेल्सिसने क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये चित्र आपोआप निर्माण करणारी सोय देण्याचे जाहीर केले, आणि वापरकर्त्यांच्या तीव्र आक्षेपानंतर डिसेंबरच्या आरंभीच ती योजना मागे घेतली. या आक्षेपांकडे केवळ उपजीविकेची भीती म्हणून पाहणे अपुरे ठरेल. अडीचशे वर्षे अनेकांत विभागलेला निर्णय नुकताच कोठे एका हातात आला होता. तो पुन्हा, आणि या वेळी निनावी यंत्रणेकडे, सोपवण्यास ही मंडळी तयार नव्हती.

या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. चित्रातील रेषा जाड का व सावली मऊ का, हे विचारण्यापूर्वी ती रेषा कोणी पक्की केली आणि ती सावली कोणी दिली, हे विचारावे. श्रेयनामावल्या, कारखान्यांची परिभाषा आणि एकाच चित्राच्या भिन्न प्रती ही या शोधाची साधने आहेत. जपानी काष्ठमुद्रांच्या बाबतीत हे काम पुष्कळ झाले आहे. सेलच्या कारखान्यांत काम केलेली पिढी मात्र आता वृद्ध होत चालली आहे. तिची परिभाषा व अनुभव नोंदवून ठेवण्याचे काम आजच हाती घेणे अगत्याचे आहे.